भिंतीपलीकडचे चुरीमास्तर

चुरीमास्तर माणसाशी बोलताना माणसाकडे बघायचे नाहीत. थोडं बाजूला बघायचे, म्हणजे तुमच्या कानाशेजारी अजून कोणीतरी उभं आहे आणि ते त्यालाच सांगतायत असं. पहिल्या दिवशी मी वळून बघितलं होतं. कोणी नव्हतं. नंतर सवय झाली, पण पूर्ण नाही झाली. अजून कोणी असं बाजूला बघून बोललं की माझ्या मानेवर काटा येतो.

आम्ही तेव्हा डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला भाड्याने राहायचो. एका ओळीत खोल्या, वर पत्रे, आणि दोन खोल्यांमधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेलीच नाही, वर हातभर मोकळं. इकडची फोडणी तिकडे, तिकडची शिंक इकडे. आमचे हे रेल्वेत, गाडीसाठी रूळ बदलणारे सांधेवाले, क्वार्टर मिळायची होती. ते ड्युटीवर गेले की घरात मी आणि बेबी. आणि बेबीला तिसरं सरत आलं तरी ती बोलत नव्हती. एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, रडताना सुद्धा नुसतं तोंड उघडायची. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान चांगले, जीभ चांगली, बोलेल, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. म्हणून मी बोलायची. दिवसभर. हे घे, ते ठेव, इकडे ये, बघ कावळा, खा, गिळ, परत खा. घशाला कोरड पडायची आणि ती माझ्याकडे बघत बसायची, जसं काही मी खिडकीच्या त्या बाजूला आहे.

मास्तर शेजारच्या खोलीत आले ते टेम्पोतून. मूळचे बोर्डीचे, भावाची तिथे चिकूची वाडी, हे स्वतः मुंबईला कुठल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते ते सोडून आलेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मास्तर म्हणजे काही खरे मास्तर नव्हेत, बोर्डीच्या पोरांची कधीतरी शिकवणी घेतली असेल, तेवढ्यावर नाव चिकटलं. टेम्पोतून टीव्हीसारखं काहीतरी उतरलं तशी रविवारी ओळीतली सगळी पोरं त्यांच्या दारात येऊन बसली. मास्तरांनी चालू केलं. काळा पडदा, वर हिरवी अक्षरं. पोरं बसली, बसली, मग एक म्हणाला, "मास्तर, अँटेना फिरवा ना."

"ह्याला बाहेरून काही येत नाही," मास्तर म्हणाले. "आपण सांगू तेवढंच."

पोरं उठून गेली. बेबी नाही उठली.

हाफ पँट आणि वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, असे असायचे ते. चहा बशीत ओतून ठेवायचे आणि विसरायचे, मग साय धरलेला तो थंड चहा एका घोटात प्यायचे, औषध घेतल्यासारखा. चिकू मधोमध कापून चमच्याने खायचे, साल वाटीसारखी अख्खी उरायची. आणि वस्तूंशी बोलायचे. पंख्याला आधी "फिर" म्हणायचे, मग बटण दाबायचे. स्टोव्हला "पेट." दाराला "लाग." आमचे हे हसायचे. म्हणायचे, "शालू, तो माणूस एकटा राहून राहून खुळा झालाय." आणि मास्तरांपुढे साहेबाची तक्रार सांगत बसायचे, की साहेब असा, त्याचा मेव्हणा तसा. मास्तर बाजूला बघत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "हे सगळं मनातलं झालं. आता पुढची ओळ सांगा." ह्यांना राग यायचा. मला पण तेव्हा कळलं नव्हतं त्याचा अर्थ काय.

मग ती दुपार. उन्हाळा होता, पत्रा तापून कडकड वाजत होता, ओळीत सगळे झोपलेले, बाहेर कुत्रं सुद्धा नाही. मी बेबीला भरवत होते. मी म्हटलं, "खा. खाल्लंस तर बाहेर नेते, नाहीतर कोंडून ठेवते." भिंतीपलीकडून आवाज आला, टकटक टकटक. मी गप्प झाले. तो पण गप्प. मी म्हटलं, "पाणी पी." टकटक. मी गप्प. तिकडे गप्प. मी हळूच, अगदी कुजबुजून म्हटलं, "बेबी, बघ."

टकटक.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच उष्ट्या हाताने त्यांच्या दारात गेले. दार उघडंच असायचं. पडद्यावर हिरवी अक्षरं, इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकले, एबीसीडी येते मला, एकेक अक्षर लावून वाचते. के, एच, ए. खा. मी परत वाचलं. 'खा'च होतं. त्याच्या खाली मोठं होतं, वाचता वाचता धाप लागली, एन, ए, एच, आय, टी, ए, आर. नाहीतर.

"मास्तर, हे माझं बोलणं आहे."

"हो वहिनी," ते म्हणाले, भिंतीकडे बघून. लाजले नाहीत, घाबरले नाहीत. "तुमचंच."

मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. इतकं सगळं ते एका वेळी कधीच बोलले नव्हते. म्हणाले, ह्या पेटीत काम करणारे पुष्कळ आहेत, हिशेब करणारा आहे, छापणारा आहे, शोधणारा आहे, सगळे आपापल्या जागी बसलेले. फक्त त्यांना हाक मारायला भाषा लागते. छोटी भाषा. एक ओळ, एक काम. लिहिलं की लगेच केलं पाहिजे. तिकडे परदेशातल्या लोकांनी अशा भाषा केल्यात, पण शब्द त्यांचे. "मुंबईला सगळे मशीनची भाषा शिकत होते, वहिनी. मला वाटलं एकदा मशीनने आपली शिकावी. पण आपली म्हणजे कुठली? पुस्तकातली घातली तर जड झाली. 'अन्यथा' लिहायचो मी. कोण म्हणतं अन्यथा? मग इथे आलो आणि तुमचं ऐकलं. नाहीतर! आई जशी म्हणते तसं."

"पण माझंच कशाला? ओळीत एवढ्या बायका बोलतात."

"त्यांना उत्तर येतं," मास्तर म्हणाले. "उत्तर आलं की माणूस वळणं घेऊन बोलतो. तुम्ही उत्तर न देणाऱ्याला सांगता. म्हणून सरळ सांगता. छोटं सांगता. नाही कळलं तर परत तेच सांगता, शब्द बदलत नाही. मला तसंच पाहिजे होतं."

त्यांनी ते वाईट मनाने नाही म्हटलं. पण मला कोणी पाण्यात ढकलल्यासारखं झालं. मी उठून आले.

तरी जाणं बंद नाही झालं. बंद कसं होणार, बेबी दिवसातून कितीदा तिकडे पळायची, आणि खोटं कशाला सांगू, ती तिकडे बसली की मला नळावर जाता यायचं. ती पडद्यासमोर मांडी घालून बसायची, हलायची नाही. मास्तर तिला सांगत सांगत काम करायचे. मी दारात उभी राहून ऐकायची, आणि मला सुद्धा थोडं थोडं कळायला लागलं. ते म्हणायचे, हा डबा. ह्याला नाव दे. त्यात काय भरणार ते आधी सांगायला नको, आज तांदूळ भर, उद्या डाळ भर, डब्याला राग येत नाही. एखादं काम परत परत लागतं ना, ते एकदा शिकवून ठेवायचं, त्याला ते 'रीत' म्हणायचे. रीत चहा. मग नुसतं 'चहा' लिहिलं की आधण, पत्ती, साखर सगळं आपोआप. आणि ज्या ओळीच्या आधी फुली, ती ओळ मशीन वाचतच नाही, ती आपण आपल्यासाठी लिहायची. ते मनातलं. तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला. ह्यांना सांगितला तर हे म्हणाले, "म्हणजे आपलं बोलणं त्याच्या लेखी फुलीच म्हण की!"

एक दिवस मास्तर म्हणाले, "वहिनी, एक शब्द अडलाय. चालू असलेलं बंद करायला काय म्हणू? तिकडचे लोक 'मार' म्हणतात."

"मार?"

"ठार मार. तसाच शब्द आहे त्यांचा. नाहीतर 'संपव' घालू?"

बेबी समोर बसली होती. मी म्हटलं, "अहो मास्तर, पोर बसलंय समोर, तोंडाला काही आवर? घरातले तांदूळ संपले तरी आम्ही संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. जाताना कोणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात."

मास्तर एकदम सरळ बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "येते," ते म्हणाले. "जाताना येते. म्हणजे जिथे थांबलं ते लक्षात ठेवायचं, आणि परत आलं की तिथूनच पुढे. वहिनी, हे त्यांच्याकडे नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. एका शब्दाला. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की मी काहीतरी देऊन बसले, जे द्यायला नको होतं.

त्यानंतर एक गंमत केली त्यांनी, म्हणजे त्यांच्या लेखी गंमत. मशीन पडद्यावर विचारायचं. जेवलीस का? खाली चौकोन लुकलुकत राहायचा, वाट बघत. मास्तरांनी बेबीला 'हो'चं एक बटण दाखवून ठेवलं होतं. तिने ते दाबलं. पडद्यावर आलं, बरं. ती हसली. परत विचारलं, परत दाबलं. हो, हो, हो. मी दारात उभी. मला तिने एवढ्या वर्षात एक हो दिला नव्हता, मान सुद्धा हलवली नव्हती. आणि त्या पेटीला ती देत होती.

मी तेव्हाच कैनाडला गेले आईकडे. शेतातली भाजी निवडता निवडता तिला सगळं सांगितलं. आईचे हात थांबले.

"शाले, तू पोरीला दिवसभर सांगतेस ना?"

"सांगते."

"आणि ते पोरीपर्यंत पोचत नाय."

"नाही पोचत."

"मग जातं कुठं? मधेच कोण घेतो, बघ."

आई सहज बोलली असेल. पण ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बोललेलं जातं कुठे. मी विवळवेढ्याला महालक्ष्मीला जाऊन नारळ बोलून आले, की पोरगी बोलली तर तिला घेऊन येईन. घरी आले तर भिंतीपलीकडे टकटक चालूच. मी बेबीशी बोलायचं बंद केलं. खरंच. खुणेने भरवायची, खुणेने झोपवायची. ह्यांनी विचारलं, "आता तू पण मुकी झालीस का?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि वरच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं. हे बघतच राहिले.

मग ते झालं. दुपारच, भर ऊन. मी कपडे वाळत घालून आले तर बेबी घरात नाही. आता मास्तरांकडेच असणार म्हणून गेले. मास्तर पण नाहीत, चहा पत्ती आणायला नाक्यावर गेलेले, बशीत चहा तसाच. खोलीत कोणी नाही. मशीन चालू. पडद्यावर एकच ओळ. मी अक्षरं लावली. बी, ई, बी, आय. बेबी. मग वाय, ई, टी, ई. येते.

बेबी येते.

मी वाचलं आणि पडदा काळा झाला.

मला किती वेळ ओरडता आलं नाही ते मला माहीत नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही, अगदी तिच्यासारखं. तेवढ्यात मास्तर दारात आले, हातात पुडी. मी त्यांचा शर्ट धरला. "कुठे गेली? कुठे पाठवलीत?" ते म्हणाले, "कोण?" मी पडद्याकडे बोट केलं. त्यांना कळेना, मग कळलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, ते नाव आहे. भाषेचं. भाषेचं नाव बेबी ठेवलंय मी. काम झालं की ती तसं लिहिते आणि थांबते. तुम्हीच तो शब्द..."

"माझी पोरगी कुठे आहे?"

त्यांनी दार पुढे ओढलं. दाराच्या मागे, भिंत आणि दार ह्यांच्या मधल्या सांदीत बेबी उभी होती. भिंतीकडे तोंड करून. तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं असं वाटलं. मी तिला फिरवली तर तिचे ओठ हलत होते. भरभर हलत होते, कोणी जोरात वाचतं तसे, आणि आवाज शून्य. मास्तर खाली वाकून बघत होते. मला वाटतं ते ओठांवरून शब्द ओळखत होते. मला ते बघवेना. मी तिचं तोंड पदरात दाबलं आणि म्हटलं, "मास्तर, माझे शब्द काढा."

"नाव बदलतो वहिनी, आत्ता बदलतो."

"नाव नाही. सगळे. खा, बघ, नाहीतर, येते, सगळे काढा. माझे पोरीला पाहिजेत."

त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "असं होत नाही वहिनी. शब्द घेतले म्हणून कमी होत नाहीत."

"तुम्हाला माहिती आहे? नक्की माहिती आहे?"

ते भिंतीकडे बघत राहिले. शहाणा माणूस, मुंबईत नोकरी केलेला. हसले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "नाही. नक्की नाही माहिती."

आणि त्यांनी काढले. मी दारात उभी राहून बघितलं. माझा एकेक शब्द पडद्यावर यायचा, ते थोडं थांबायचे, आणि तो जायचा, त्याच्या जागी तिकडचा इंग्रजी यायचा. 'खा' गेला. 'परत' गेला. 'नाहीतर' गेला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. 'येते' शेवटपर्यंत ठेवला होता. मग तो पण काढला. म्हणाले, "झालं. आता ह्यात तुमच्याकडचं कोणी नाही." ते 'कोणी' म्हणाले. 'काही' नाही म्हणाले.

नंतर टकटक पुष्कळ कमी झाली. मशीन चालायचं, कुठल्याशा शाळेचे निकाल ते करून द्यायचे, ते सगळं पहिल्यासारखं व्हायचं. मी विचारलं, चालतं ना नीट? म्हणाले, "चालतं. कामात काही फरक नाही. पण मला त्याला काही सांगावंसं वाटत नाही." पंख्याला पण आता नुसतं बटण दाबायचे.

आणि बेबी? बेबी बोलली नाही. मी परत बोलायला लागले, घसा फुटेस्तोवर, खा, पी, बघ, ये, आणि ती तशीच. पेटीसमोर जायची, पडद्यावरची अक्षरं बघायची, उठून यायची. रात्री हे झोपले की मी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायची. मला वाटायचं, आता दोन्हीकडून गेलं. तिकडे पण नाही, इकडे पण नाही. मास्तर समोर आले की मी मान खाली घालायची आणि ते बाजूला बघायचे.

पावसाळ्याच्या आधी त्यांनी खोली सोडली. भावाने बोर्डीला बोलावलं होतं. सामान हातगाडीवर पुढे गेलं, पण तो पडदा त्यांनी कोणाच्या हातात दिला नाही. गोधडीत गुंडाळला, वरून सुतळी बांधली. आमचे हे म्हणाले, "शालू, शेजारी होता एवढे दिवस, स्टँडवर तरी जाऊन ये." म्हणून मी बेबीला घेऊन गेले. बोर्डीची एसटी लागलेली होती, कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन चढत होत्या, कंडक्टर ओरडत होता, "मागे सरका, टोपली खाली घ्या, बाय!" मास्तरांना खिडकी मिळाली होती. मांडीवर ते गोधडीतलं ओझं, दोन्ही हातांनी धरलेलं, दवाखान्यात पोर नेतात तसं. मी खिडकीखाली उभी राहिले. त्यांनी मला बघितलं नव्हतं, ते समोर बघत बसलेले.

इंजिन सुरू झालं, आणि माझ्या कडेवरून आवाज आला.

"मास्तर."

स्पष्ट. बारीक, थोडा घोगरा, बरेच दिवस बंद ठेवलेल्या दारासारखा, पण स्पष्ट. मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. तिने परत म्हटलं, मोठ्याने, "मास्तर!"

टोपलीवाल्या बायका वळल्या. कंडक्टर वळला. मास्तरांनी ऐकलं. मी बघितलं की त्यांनी ऐकलं, त्यांचं सगळं अंग एकदम ताठ झालं. पण त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. त्यांनी मांडीवरच्या गोधडीकडे बघितलं. सुतळी थोडी सैल केली, मान वाकवून तोंड अगदी जवळ नेलं, आणि काहीतरी उत्तर दिलं. एसटी हलली. मी बेबीला धरून पळाले, हाका मारल्या, मास्तर इकडे, इकडे बघा, ती बोलली, पण एसटी वळणाला गेली, आणि ते अजून तसेच वाकलेले होते, आणि हसून बोलत होते.